पुढचा सूर कोण ठरवणार? : पहिल्या मॉड्युलर सिंथेसायझरची आखणी

हार्मोनिअम किंवा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड घ्यायला गेलो तर तयार वाद्य मिळतं. मॉड्युलर सिंथेसायझरचं तसं नाही. तो आधी कागदावर रचावा लागतो. कंपन निर्माण करणारा ऑसिलेटर हा एक सुटा भाग, आवाज लहानमोठा करणारा ॲम्प्लिफायर दुसरा, ध्वनीचा रंग बदलणारा फिल्टर तिसरा. अशा प्रत्येक सुट्या भागाला मॉड्यूल म्हणतात. ही मॉड्यूल एका पेटीत शेजारी शेजारी स्क्रूने बसवतात, मागच्या बाजूने त्यांना वीज देतात आणि पुढच्या बाजूने छोट्या केबलींनी एकमेकांना जोडतात. कोणता भाग कोणाला जोडायचा हे कारखान्यात ठरलेलं नसतं. त्या जोडणीचं नाव पॅच. केबली उपसल्या की तो पॅच संपला आणि दुसरं वाद्य बनवायची वाट मोकळी झाली.

इतकी मोकळीक मिळाली की नवखा माणूस भांबावतो. बाजारात हजारो मॉड्यूल आहेत आणि प्रत्येकाचा आवाज मोहात पाडणारा आहे. मग दोन-तीन ऑसिलेटर, एखादा नामांकित फिल्टर आणि आवाजाला घुमारा देणारा एक रिव्हर्ब अशी खरेदी होते. पेटीतून भरदार गुंजन येतं, पण त्यातून चाल काही निघत नाही. कारण आवाज काढणारे भाग भरपूर झाले आणि सूर निवडणारा कोणीच नाही. म्हणून, तुम्हाला सुरावटींचे प्रयोग करायचे असतील तर आखणीची सुरुवात एका प्रश्नापासून करा: या वाद्यात पुढचा सूर कोण ठरवणार? या प्रश्नाचं उत्तर मिळालं की कोणती मॉड्यूल लागतील, किती लागतील आणि कोणती इतक्यात नकोत, हे सगळं त्याच्या मागोमाग ठरत जातं.

सूर म्हणजे व्होल्ट

१९६४ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रूमन्सबर्ग या छोट्या गावात रॉबर्ट मोग या अभियंत्याने हर्बर्ट डॉइच या संगीतकाराच्या साथीने व्होल्टेजवर चालणारे ऑसिलेटर आणि ॲम्प्लिफायर तयार केले. त्यातून एक मोजमाप रूढ झालं आणि ते आजही टिकून आहे: व्होल्टेज एक व्होल्टने वाढलं की सूर एक सप्तक वर जातो. शून्य व्होल्टला ऑसिलेटर २४० हर्ट्झवर लावला असेल, तर एक व्होल्टला तो ४८० वर आणि दोन व्होल्टला ९६० वर बोलेल. व्होल्टेजची बेरीज होते तेव्हा कंपनसंख्येचा गुणाकार होतो. आपल्या कानाला सप्तकं अशीच, दुपटीदुपटीने ऐकू येतात.

या नियमामुळे चाल ही आकड्यांची रांग होते, आणि तिच्यावर साधं गणित करता येतं. एका सप्तकात बारा स्वर असतात, म्हणजे एका स्वराचं अंतर व्होल्टचा बारावा भाग, सुमारे ८३ मिलिव्होल्ट. काळी एकमध्ये बसवलेली चाल काळी चारमध्ये न्यायची असेल तर प्रत्येक आकड्यात सात स्वरांइतके, म्हणजे ०.५८३ व्होल्ट मिळवायचे. वेगळी रचना करावी लागत नाही. दोन व्होल्टेजची अचूक बेरीज करणारं मॉड्यूल मिळतं, त्याला प्रिसिजन ॲडर म्हणतात. गायकाला पट्टी बदलून देण्याचं काम ते एका बटणावर करतं.

शुद्ध स्वरसंवादाचाही याच मापाने हिशोब करता येतो. भूपाचे पाच स्वर घेऊ. पंचमाचं षड्जाशी नातं तीनास दोन, शुद्ध गंधाराचं पाचास चार. व्होल्टमध्ये मांडलं तर षड्ज ०, रिषभ ०.१७०, गंधार ०.३२२, पंचम ०.५८५, धैवत ०.७३७. कीबोर्डच्या समान अंतरांच्या पट्टीत हेच स्वर ०, ०.१६७, ०.३३३, ०.५८३ आणि ०.७५० असे येतात. पंचमात नगण्य फरक आहे, पण गंधार ११ मिलिव्होल्टने आणि धैवत १३ मिलिव्होल्टने चढा लागतो. तंबोऱ्याच्या गुंजनात आपोआप ऐकू येणारा गंधार आणि पेटीचा गंधार यांच्यातला झगडा म्हणजे हेच ११ मिलिव्होल्ट. हार्मोनिअमवर हा फरक दुरुस्त करायचा तर सूरपट्ट्या घासाव्या लागतात. मॉड्युलरवर नॉब किंचित फिरवला की काम होतं.

व्होल्टेज फक्त कोणता सूर ते सांगतं. तो कधी सुरू व्हावा आणि किती वेळ टिकावा, हे दुसरी केबल सांगते. तिच्यातल्या संकेताला गेट म्हणतात: गेट चालू असेपर्यंत सूर वाजतो, बंद झालं की विरतो. मॉड्युलरमधला प्रत्येक सूर या दोन केबलींचा बनलेला असतो, आणि चाल जिवंत वाटते की यांत्रिक, हे बऱ्याचदा दुसरीवर अवलंबून असतं.

हात, क्रम आणि योगायोग

पुढचा सूर ठरवण्याच्या तीन रीती आहेत, आणि तिन्ही मॉड्युलरच्या पहिल्या काही वर्षांतच पुढे आल्या.

पहिली रीत हाताची. मोगने आपल्या यंत्राला कीबोर्ड जोडला, त्यामुळे वादकाला ओळखीचा रस्ता मिळाला. वेंडी कार्लोस यांनी १९६८ मध्ये ‘स्विच्ड-ऑन बाख’ ही ध्वनिमुद्रिका केली ती याच यंत्रावर. तो सिंथेसायझर एका वेळी एकच सूर वाजवू शकत होता, म्हणून बाखच्या रचनेतली प्रत्येक सुरावट वेगळी वाजवून आठ ट्रॅकच्या टेपवर एकीवर एक चढवली गेली. मोठ्यातलं मोठं काम एका वेळी एका सुराने उभं राहतं, हे त्या मुद्रिकेने दाखवून दिलं. पहिली पेटी आखताना ही गोष्ट मनावर कोरून ठेवावी: एकच स्वच्छ सुरावट वाजवणारं यंत्र पुरेसं असतं.

दुसरी रीत क्रमाची. त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत मॉर्टन सबॉटनिक आणि रॅमन सेंडर या संगीतकारांनी डॉन बुकला यांच्याकडून वेगळं यंत्र करून घेतलं. पियानोच्या पट्ट्या समोर आल्या की बोटं जुन्याच वाटेने जातात, म्हणून बुकला यांनी त्या टाळल्या. त्याऐवजी स्पर्शाने चालणाऱ्या पट्ट्या दिल्या आणि आठ व सोळा पायऱ्यांचे सिक्वेन्सर दिले. सिक्वेन्सरच्या प्रत्येक पायरीला एक नॉब असतो. नॉबने त्या पायरीचं व्होल्टेज ठरवायचं, मग घड्याळाचा ठोका पडेल तसा सिक्वेन्सर एकेक पायरी चढत जातो. सबॉटनिक यांची १९६७ ची ‘सिल्व्हर ॲपल्स ऑफ द मून’ ही रचना या यंत्रावर घडली. इथे संगीतकार चाल वाजवत नाही. तो चालीची चौकट मांडतो आणि ती चालू असताना नॉब फिरवून बदलत राहतो.

तिसरी रीत योगायोगाची. सतत बदलणाऱ्या गोंगाटातून ठोक्यासरशी एक व्होल्टेज उचलायचं आणि पुढच्या ठोक्यापर्यंत धरून ठेवायचं. असं करणाऱ्या मॉड्यूलला सँपल अँड होल्ड म्हणतात. त्यातून येणारे सूर कोणालाच आधी ठाऊक नसतात. निव्वळ योगायोग कानाला लवकर कंटाळवाणा होतो, कारण त्यात आठवण नसते. ही उणीव टॉम व्हिटवेल यांनी २०१२ मध्ये ‘ट्युरिंग मशीन’ या मॉड्यूलमध्ये सुंदर रीतीने भरून काढली. त्यात सोळा खुणांची एक साखळी फिरत असते. मोठा नॉब मधोमध ठेवला की प्रत्येक फेरीत खुणा यदृच्छेने बदलतात, पूर्ण उजवीकडे नेला की साखळी गोठते आणि तीच सुरावट फिरत राहते. या दोन टोकांच्या मधल्या जागी सुरावट ओळखीची राहते आणि अधूनमधून एखादा सूर निसटून नवा येतो. चाल सुचवणारा साथीदार म्हणून इतकं साधं आणि इतकं फलदायी मॉड्यूल क्वचितच सापडेल.

या इतिहासात भारताचंही एक पान आहे. १९६९ मध्ये अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मोग मॉड्युलर सिंथेसायझर बसवून इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा केला. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी पुढच्या तीन-चार वर्षांत तिथे काम केलं. त्या टेप अनेक दशकं संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. पॉल पुर्गस या कलावंताने त्या शोधून काढल्या आणि २०२३ मध्ये त्यांतलं निवडक संगीत प्रसिद्ध झालं. ही यंत्रं जगात नवी होती, त्याच काळात आपल्याकडचे कान त्यांच्याशी झटत होते. त्यामुळे आज पुण्यात किंवा पणजीत पहिली पेटी आखणाऱ्याने हे वाद्य परकं मानायचं कारण नाही.

आखणीसाठी यातून काय घ्यायचं? तिन्ही रीतींपैकी एक मुख्य निवडा आणि दुसरी जोडीला ठेवा. हाताने वाजवायची सवय असेल तर कीबोर्ड मुख्य आणि ट्युरिंग मशीन जोडीला. वाजवता येत नसेल तर सिक्वेन्सर मुख्य आणि योगायोग जोडीला. तिन्हींना सारखीच जागा द्यायला गेलं की पैसा आणि पेटी दोन्ही अपुरी पडतात.

पट्टी मिळाली म्हणजे राग मिळत नाही

योगायोगाने आलेलं व्होल्टेज सुरात असेलच असं नाही. ते जवळच्या ठरावीक स्वरावर नेऊन बसवणाऱ्या मॉड्यूलला क्वांटायझर म्हणतात. त्यात स्वरांची पट्टी निवडायची, मग आत काहीही आलं तरी बाहेर त्या पट्टीतलाच स्वर निघतो. सुरावटीच्या प्रयोगांत ऑसिलेटरच्या खालोखाल महत्त्व याचंच.

इथे मराठी वाचकाला सुखद धक्का देणारी गोष्ट आहे. पॅरिसमध्ये एमिली जिलेट यांनी चालवलेल्या म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीच्या ‘ब्रेड्स’ नावाच्या ऑसिलेटरात क्वांटायझर होता, आणि त्याच्या पट्ट्यांच्या यादीत भैरव, मारवा, श्री, पूर्वी, यमन, काफी, दरबारी अशी नावं होती, तीही श्रुतींच्या हिशोबाने लावलेली. कंपनीने आपली रचना सर्वांना खुली ठेवली होती. त्यामुळे ‘ऑर्नमेंट अँड क्राइम’ या दुसऱ्या खुल्या मॉड्यूलमध्येही त्या पट्ट्या आल्या. चार स्वतंत्र क्वांटायझर, स्वतःची पट्टी बनवण्याची सोय आणि आत ट्युरिंग मशीनसारखी यंत्रणा, असं बरंच काही त्या एका मॉड्यूलमध्ये मिळतं.

पण यादीत ‘यमन’ निवडला म्हणून यमन ऐकू येत नाही. क्वांटायझरला फक्त स्वर कळतात. भूप आणि देसकार दोन्ही सा, रे, ग, प, ध याच पाच स्वरांचे. भूपात गंधार वादी आहे, आणि मन पूर्वांगात रमतं. देसकारात धैवत वादी आहे, चाल उत्तरांगात वावरते. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचंही असंच: स्वर एक, पण वागणं तीन तऱ्हांचं. रागाचं व्यक्तिमत्त्व ठरतं ते कुठे थांबायचं, कुठून वळायचं आणि कोणत्या स्वराला नुसता स्पर्श करायचा यावर.

याचा आखणीशी थेट संबंध आहे. प्रत्येक पायरीला सारखाच वेळ देणारा सिक्वेन्सर घेतलात तर भूप आणि देसकार एकाच छापाचे निघतील. म्हणून पायरीची लांबी बदलता येते का, एकच स्वर दोन-तीन ठोके धरून ठेवता येतो का, एखादी पायरी गाळता येते का, हे आधी पाहा. इंटेलिजेल कंपनीच्या ‘मेट्रोपोलिस’ आणि पुढच्या ‘मेट्रोपोलिक्स’ या सिक्वेन्सरांत प्रत्येक पायरी किती ठोके टिकावी आणि त्या काळात तिने काय करावं हे वेगळं ठरवता येतं. गंधाराच्या पायरीला चार ठोके आणि धैवताला एक दिला तर कान भूपाकडे झुकतो. ठोक्यांची अदलाबदल केली आणि चाल वरच्या अंगाला नेली की देसकाराची छाया पडायला लागते. पट्टीतला एकही स्वर बदलावा लागत नाही. सिक्वेन्सर निवडताना पायऱ्या किती आहेत यापेक्षा एका पायरीवर तुमची हुकमत किती चालते, हे जास्त महत्त्वाचं.

आणखी एक अडचण ध्यानात ठेवावी. आरोह आणि अवरोह वेगळे असलेले राग एका पट्टीत मावत नाहीत. भीमपलास आरोहात रे आणि ध वर्ज्य करतो आणि अवरोहात सातही स्वर घेतो. त्यासाठी दोन क्वांटायझर दोन पट्ट्यांवर लावायचे आणि चाल चढते आहे की उतरते आहे त्याप्रमाणे एका स्विचने त्यांच्यात निवड करायची. हा पॅच पहिल्या महिन्यात करायचा नाही, पण दोन वाहिन्यांचा क्वांटायझर सुरुवातीलाच घेतला तर पुढे तो रस्ता खुला राहतो.

दोन सुरांच्या मधली जागा

सिक्वेन्सर आणि क्वांटायझर सुरांना पायऱ्या देतात. आपल्या संगीताचा निम्मा जीव त्या पायऱ्यांच्या मधे असतो. मींड घेण्यासाठी व्होल्टेजने उडी न मारता घसरत जायला हवं. ते काम करणाऱ्या मॉड्यूलचं नाव स्लू लिमिटर.

याच्या वापरात दोन गोष्टी नेमक्या कळायला हव्यात. पहिली गोष्ट जागेची. स्लू लिमिटर क्वांटायझरच्या नंतर लावायचा. आधी लावला तर त्याचं घसरणं क्वांटायझर पुन्हा पायऱ्यांत तोडतो आणि मींडेऐवजी भराभर चढलेले स्वर ऐकू येतात. दुसरी गोष्ट निवडीची. प्रत्येक दोन सुरांमध्ये मींड आली तर चाल लिबलिबीत होते. घसरण्याचा वेळ व्होल्टेजने बदलता येईल असा स्लू लिमिटर घेतला तर मोजक्या ठिकाणी मींड आणि बाकी ठिकाणी स्पष्ट स्वर ठेवता येतात. अमेरिकेतल्या मेक नॉइज कंपनीच्या ‘मॅथ्स’ या मॉड्यूलमध्ये चढण्याचा आणि उतरण्याचा वेळ वेगवेगळा लावता येतो. चढण्याचा वेळ शून्य आणि उतरण्याचा मोठा ठेवला की फक्त अवरोहात मींड येते. एवढ्या एका बदलाने यंत्राची सुरावट गळ्याच्या कितीतरी जवळ येते.

निवडक मींडेचं महत्त्व मुंबईच्या एका मुद्रिकेत फार लवकर दिसलं. हिंदी चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवलेली मुद्रिका केली. त्यात रोलँडची टीबी-३०३, टीआर-८०८ आणि जुपिटर-८ ही यंत्रं वापरली होती. यातलं एकही मॉड्युलर नव्हतं, पण टीबी-३०३ च्या सिक्वेन्सरमध्ये पायरीगणिक घसरण देण्याची सोय होती. हवी तिथेच घसरण देणारं ते यंत्र रागाच्या हाती पडलं. तोच गुण तुमच्या पेटीत असायला हवा.

दरबारीच्या कोमल गंधाराचं आंदोलन यंत्राकडून काढायचं असेल तर मंद गतीने झुलणारं व्होल्टेज मूळ स्वरात मिसळायचं. झुलणारं व्होल्टेज देणाऱ्या मॉड्यूलला एलएफओ म्हणतात. तो साधारण पाच व्होल्ट वर आणि पाच खाली जातो. तसाच जोडला तर स्वर दहा सप्तकांत भरकटेल. आंदोलनाला मूळ स्वराच्या वरखाली साधारण वीस सेंट (एका स्वराच्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट), म्हणजे १७ मिलिव्होल्ट पुरतात, म्हणजे एलएफओचा तीनशेवा भाग. व्होल्टेज इतकं लहान करायला अटेन्युएटर लागतो, आणि बहुधा एकामागे एक असे दोन. कोणत्याही जाहिरातीत न दिसणारी ही साधी मॉड्यूल सुरावटीची नजाकत सांभाळतात. म्हणून आखणीत त्यांची जागा आधी राखून ठेवावी.

बेसूर होण्याची कारणं

एकच सुराचं व्होल्टेज दोन ऑसिलेटरांना द्यायचं असेल तर केबल विभागावी लागते. साध्या मल्टिपलमध्ये तारा नुसत्या एकमेकींना जोडलेल्या असतात. काही मॉड्यूलच्या आउटपुटला एक किलो-ओहमचा रोध असतो आणि ऑसिलेटरच्या इनपुटचा रोध बहुधा शंभर किलो-ओहम. अशा वेळी दुसरा ऑसिलेटर जोडताच व्होल्टेज सुमारे एक टक्क्याने पडतं. तीन व्होल्टच्या सुरात ते २९ मिलिव्होल्ट, म्हणजे जवळपास ३५ सेंट. प्रमाण श्रुतीचं अंतर २२ सेंटच्या आसपास असतं, तेव्हा ही घट श्रुतीहून मोठी ठरते. बफर्ड मल्टिपल व्होल्टेजची तंतोतंत प्रत काढून देतो. सुराच्या केबलीसाठी तोच वापरावा. गेट आणि घड्याळाच्या ठोक्यांना साधा मल्टिपल पुरतो.

ॲनालॉग ऑसिलेटर तापमानाने सरकतात. पेटी चालू करून अर्धा तास जाऊ द्यावा आणि मग सूर लावावा. दुसरा ऑसिलेटर षड्जावर सतत चालू ठेवला तर त्याच्याशी जुळवून घेणं सोपं जातं: दोन सूर जवळ आले की आवाजात लाटा ऐकू येतात, त्या मंदावत थांबल्या की सूर लागला. तंबोरा लावणाऱ्या माणसाला हे नव्याने शिकवावं लागत नाही.

पेटी, वीज आणि एक आराखडा

आज सर्वांत जास्त मॉड्यूल ज्या मापात मिळतात त्याला युरोरॅक म्हणतात. जर्मनीत म्युनिकजवळ डीटर डोपफर यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यावर ए-१०० ही मालिका काढली, तिचं हे माप. उंची १२८.५ मिलिमीटर, रुंदी एचपी या एककात मोजतात, आणि एक एचपी म्हणजे ५.०८ मिलिमीटर. नेहमीच्या पेटीची एक रांग ८४ किंवा १०४ एचपीची, म्हणजे साधारण ४३ किंवा ५३ सेंटिमीटर. केबलींची टोकं ३.५ मिलिमीटरची, जुन्या हेडफोनसारखी.

एका रांगेच्या ८४ एचपी पेटीसाठी माझा आराखडा असा:

– ॲनालॉग ऑसिलेटर, मुख्य सुरावटीसाठी: १० एचपी
– ‘प्लेट्स’ हा डिजिटल ऑसिलेटर, षड्ज-पंचमाच्या साथीसाठी: १२ एचपी
– ‘मॅथ्स’, एका बाजूने मींड आणि दुसऱ्या बाजूने सुराचा उठाव व विराम: २० एचपी
– ‘ट्युरिंग मशीन’: १० एचपी
– ‘ऑर्नमेंट अँड क्राइम’ची लहान आवृत्ती, क्वांटायझर म्हणून: ८ एचपी
– दुहेरी व्हीसीए, म्हणजे व्होल्टेजने चालणारा ॲम्प्लिफायर: ८ एचपी
– बफर्ड मल्टिपल: ४ एचपी
– स्पीकर किंवा हेडफोनसाठी आउटपुट: ४ एचपी

बेरीज ७६. आठ एचपी मोकळे ठेवले आहेत, अटेन्युएटरसाठी आणि पुढे लागलाच तर फिल्टरसाठी.

सिक्वेन्सर या यादीत नाही, कारण तो पेटीबाहेर ठेवलेला बरा. आर्टुरियाचा ‘कीस्टेप’ हा ३२ छोट्या पट्ट्यांचा कीबोर्ड व्होल्टेज आणि गेट थेट देतो, आणि त्यात ६४ पायऱ्यांपर्यंत सिक्वेन्सही साठवता येतो. हात आणि क्रम या दोन्ही रीती त्यामुळे पेटीतली जागा न अडवता मिळतात. पायरीगणिक बारीक हुकमत हवीशी वाटली की मोठा सिक्वेन्सर दुसऱ्या रांगेत आणता येईल.

फिल्टरही मुद्दाम बाहेर ठेवला आहे. साध्या त्रिकोणी लहरीचा सूर स्वच्छ असतो. त्याला फिल्टरची गरज नसते आणि त्यात मींडेचा प्रत्येक वळसा ऐकू येतो. प्लेट्समध्ये छेडलेल्या तारेसारखा आवाज देणारं मॉडेल आहे, त्यामुळे साथीला वेगळा रंग आपसूक मिळतो. म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्सने २०२२ मध्ये काम थांबवलं, पण रचना खुली असल्याने प्लेट्सच्या आवृत्त्या इतर कारागीर बनवतात.

विजेचा हिशोब वेगळ्या कागदावर करावा. युरोरॅकला अधिक १२ आणि उणे १२ व्होल्ट असे दोन पुरवठे लागतात, काही मॉड्यूलना ५ व्होल्टही लागतो. प्रत्येक मॉड्यूल प्रत्येक पुरवठ्यातून किती मिलिअँपिअर घेतं हे त्याच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. तिन्ही बेरजा वेगळ्या करा आणि वीजपुरवठ्याची क्षमता त्यांच्यापेक्षा किमान पाव हिस्सा जास्त असू द्या. मॉड्यूल जोडताना चपट्या केबलीची लाल कडा उणे १२ व्होल्टच्या बाजूला येते. जोडणी उलटी झाली तर मॉड्यूल जळू शकतं, म्हणून पाटीवरची खूण पाहिल्याशिवाय वीज सुरू करू नये.

आधी सराव, मग खरेदी

पैसे खर्च करण्याआधी हा आराखडा फुकट वाजवून पाहता येतो. २०१७ पासून उपलब्ध असलेल्या व्हीसीव्ही रॅक या मोफत प्रणालीत संगणकाच्या पडद्यावर मॉड्यूल मांडून केबली जोडता येतात. म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्सची बरीच मॉड्यूल तिच्यात तंतोतंत उतरली आहेत. भूपाचे पाच स्वर, एक सिक्वेन्सर, एक क्वांटायझर, एक स्लू लिमिटर: एवढ्यावर काही आठवडे काढा. या काळात ज्या मॉड्यूलकडे तुमचा हात पुन्हा पुन्हा जाईल, ते खऱ्या पेटीत आधी हवं. भारतात बहुतेक मॉड्यूल परदेशातून मागवावी लागतात. त्यांच्यावर सीमाशुल्क आणि वाहतूकखर्च चढतो, आणि चुकलेली वस्तू परत पाठवणं महाग पडतं. त्यामुळे हा सराव आपल्याकडे जास्तच मोलाचा आहे.

सुटे भाग जुळवण्याची धास्ती वाटत असेल तर अर्ध-मॉड्युलर यंत्रापासून सुरुवात करता येते. मोगचं २०१५ चं ‘मदर-३२’ हे तसं यंत्र. त्याचे भाग आतून आधीच जोडलेले असल्याने ते लगेच बोलतं, ३२ पायऱ्यांचा सिक्वेन्सर त्यात आहे, आणि केबल लावली की आतली जोडणी बदलते. ते ६० एचपीचं आहे आणि युरोरॅकच्या पेटीत बसतं. १०४ एचपीच्या रांगेत त्याच्या शेजारी मॅथ्स, ट्युरिंग मशीन आणि क्वांटायझर ठेवले की सुरावटीचं वाद्य जवळजवळ पूर्ण होतं.

खऱ्या पेटीची खरेदी तीन टप्प्यांत करा. पहिल्या टप्प्यात पेटी, वीज, कीबोर्ड, एक ऑसिलेटर, व्हीसीए, मॅथ्स आणि आउटपुट. एवढ्यात हाताने वाजणारं, मींड घेणारं वाद्य तयार होतं. दुसऱ्या टप्प्यात क्वांटायझर आणि ट्युरिंग मशीन आणा, म्हणजे यंत्र स्वतः सूर सुचवायला लागेल. तिसऱ्या टप्प्यात दुसरा ऑसिलेटर आणि बफर्ड मल्टिपल, साथीसाठी. प्रत्येक टप्प्यावर निदान एक पूर्ण रचना करून ती ध्वनिमुद्रित करावी. पॅच मोडल्यावर मागे उरतं ते एवढंच मुद्रण, आणि आपली चाल कुठे अडखळते हे शांतपणे ऐकायचं साधनही तेच.

ते मुद्रण तुम्हाला पुढची दिशा दाखवतं. चाल एकाच फेऱ्यात अडकली असेल तर दोन सुरावटींमध्ये आलटूनपालटून नेणारा सिक्वेन्शियल स्विच हवा. सूर बरोबर असूनही सगळे एकाच जोराचे वाटत असतील तर सुराचा उठाव आणि विराम ठरवणारा दुसरा एन्व्हलप हवा. आवाज रुक्ष वाटायला लागला तर मोकळ्या एचपींत फिल्टर बसवा. आणि यातलं काहीच कमी वाटत नसेल तर काही घेऊ नका. आणखी एक राग आहे त्याच केबलींवर बसवून पाहा, कारण सुरावटीचा अभ्यास तिथेच होतो, आणि मॉड्युलर सिंथेसायझर त्याला जितका अवसर देतो तितका फार थोडी वाद्यं देतात.